नामाला पुरुष लागतो तेव्हा: ‘मेमु मराठीवाळ्ळम’

मूसीकाठची

हैदराबादेत येऊन अकरा वर्षं झाली. बाजार, रिक्षा, शेजारपाजार एवढ्यापुरती तेलुगू आपल्याला येते असं मी धरून चालले होते. गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या आजींनी माझ्या लेकीला विचारलं, तुम्ही कुठले? ती चौथीत आहे, शाळेत तेलुगू शिकते. पटकन म्हणाली, “मेमु मराठीवाळ्ळम.” आजींचा चेहरा खुलला. मला म्हणाल्या, पोर किती नीट बोलते बघा, तुम्ही इतकी वर्षं ‘मेमु मराठीवाळ्ळु’ म्हणताय.

फरक शेवटच्या ‘म’चा. वाळ्ळु म्हणजे लोक. वाळ्ळम म्हणजे लोक, आणि ते लोक आम्हीच. ‘आम्ही’ हे आधी ‘मेमु’त सांगून झालंय, तरी नामाच्या शेवटी पुन्हा सांगायचं.

त्या दिवसापासून मी कान देऊन ऐकतेय. मी डॉक्टर आहे: नेनु डॉक्टर्नि. तू डॉक्टर आहेस: नुव्वु डॉक्टर्वि. आम्ही डॉक्टर आहोत: मेमु डॉक्टर्लम. ते डॉक्टर आहेत, एकच, आदराने: आयन डॉक्टरु, इथे शेपूट नाही. इंग्रजीतून आलेला शब्दसुद्धा सुटत नाही. प्रश्नार्थक शब्दही नाही. दारावर अनोळखी पोरगं आलं की आजी विचारतात, “नुव्वेवरिवि?” एवरु म्हणजे कोण, आणि त्या ‘कोण’लाच ‘तू’चा प्रत्यय.

शाळेत आपण शिकलो की नामाला लिंग, वचन, विभक्ती असते. पुरुष असतो सर्वनामाला आणि क्रियापदाला. नाम कायम तृतीयपुरुषी, त्याला विचारायची गरजच नाही. आणि इथे भाजीवाली सुद्धा नामाला पुरुष लावून बोलतेय.

कारण माझ्या परीने शोधलं. तेलुगूत अशा वाक्यात ‘आहे’ नसतं. आपल्याकडे आहे, आहेस, आहोत, आहात ही सगळी ओझी ‘आहे’ उचलतं. तिथे क्रियापदच नाही, तर पुरुष बसणार कुठे? जे नाम वाक्यात विधेय म्हणून उभं आहे, त्याच्याच अंगावर.

एक गंमत वाटली. ‘डॉक्टर्नि’ हेच रूप कर्मालाही येतं. ‘डॉक्टर्नि पिलु’, म्हणजे डॉक्टरला बोलाव. एकाच शब्दात ‘डॉक्टरला’ आणि ‘डॉक्टर आहे मी’. आजूबाजूच्या शब्दांवरून कळतं, आजवर कोणाचा घोटाळा झालेला मी पाहिला नाही.

तुमच्यापैकी बरेच जण वेगवेगळ्या प्रांतांत, देशांत आहात. तुमच्या आजूबाजूच्या भाषेत नामाला असं मी-तू-तो चिकटतं का? लिहा, मला खरंच हवंय.

तंजावरी_राव

धागा वाचून राहवलं नाही. आमचं घराणं एकोजीराजांच्या मागून तंजावरला आलेल्यांपैकी, आता चेन्नईत. घरात मराठी, बाहेर तमिळ.

आजच्या तमिळमध्ये तेलुगूसारखं नाही. ‘नान डॉक्टर’ एवढंच म्हणतात. पण जुन्या तमिळमध्ये हे होतं, आणि त्याचा एक अवशेष आमच्या गल्लीत रोज ऐकू येतो. शेजारचे वैष्णव आजोबा वडीलधाऱ्यांशी बोलताना स्वतःला ‘नान’ म्हणत नाहीत, ‘अडियेन’ म्हणतात. अडि म्हणजे पाऊल. ‘-एन’ हा मी-चा प्रत्यय, क्रियापदाला लागतो तोच: ‘वन्देन’, म्हणजे आलो मी. अडियेन म्हणजे पायाशी असलेला मी. अनेकवचनी अडियोम. आळ्वारांच्या, म्हणजे तमिळ वैष्णव संतकवींच्या, पदांत दोन्ही भेटतात.

आपल्या संतांशी ताडून पाहा. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’. बोलतोय स्वतःच, पण नाव घेतलं की क्रियापद तृतीय पुरुषात जातं, कारण मराठीत नाम ‘मी’ होऊ शकत नाही. तमिळ भक्ताला ती सोय होती. त्याने ‘दास’ या नामालाच ‘मी’ जोडला.

आता मला जास्त प्रिय असलेली गोष्ट, नात्यांची. जुन्या तमिळमध्ये नुसता ‘बाप’ म्हणायला शब्द नाही. एन्दै म्हणजे माझा बाप, नुन्दै म्हणजे तुझा बाप, तन्दै म्हणजे त्याचा बाप. आईचंही तेच: याय्, ञाय्, ताय्. धाकटा भाऊ: एम्बि माझा, उम्बि तुझा, तम्बि त्याचा. त्यातलं ‘तन्-तम्’ म्हणजे आपल्या ‘आपला’सारखं, स्वतःचा.

कुरुन्तोकै या संग्रहातली चाळिसावी कविता तमिळनाडूत शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. प्रियकर प्रेयसीला म्हणतो, माझी आई आणि तुझी आई एकमेकींच्या कोण? माझे वडील आणि तुझे वडील कुठल्या नात्याचे? शेवटी लाल मातीवर पडलेल्या पावसासारखी आपली मनं मिसळली. मुळात पहिल्या ओळीत आहे ‘यायुम् ञायुम्’. माझी आणि तुझी हे वेगळे शब्दच नाहीत. एक ‘या’ने सुरू होते, दुसरी ‘ञा’ने, बाकी दोन्ही सारख्या. दोन घरांत एका अक्षराचं अंतर आहे, आणि कविता त्याच अंतराबद्दल आहे. भाषांतरात हे हमखास जातं. कवीचं खरं नाव हरवलं, त्या पावसाच्या उपमेवरूनच लोक त्याला सेम्बुलप्पेयनीरार म्हणतात.

आणि पुढे काय झालं बघा. याय्, ञाय् गेले, एन्दै-नुन्दै गेले. उरले फक्त तृतीय पुरुषाचे: ताय्, तन्दै, तम्बि. आज त्यांचा अर्थ नुसता आई, वडील, धाकटा भाऊ. चहाच्या टपरीवर पोराला ‘तम्बि’ म्हणून हाक मारतात, त्या शब्दाच्या पोटात ‘त्याचा’ दडलाय हे कोणाच्या मनातही येत नाही. म्हणून आज ‘एन तम्बि’ म्हणावं लागतं. अक्षरशः पाहिलं तर ‘माझा त्याचा-भाऊ’.

अनुस्वार

दोन्ही प्रतिसाद फार चांगले आहेत, पण त्यांत दोन वेगळ्या गोष्टी आल्यात. त्या आधीच वेगळ्या केल्या नाहीत तर पुढे गुंता होईल. (मी भाषाविज्ञान शिकवतो, त्यामुळे हात शिवशिवतात.)

तेलुगूतला ‘-नि, -वि, -म’ सांगतो की नामाने दाखवलेली व्यक्ती *कोण* आहे. डॉक्टर कोण? मी. जुन्या तमिळमधला ‘एन्-नुन्-तन्’ सांगतो की ती व्यक्ती *कोणाची* आहे. बाप कोणाचा? माझा. बाप स्वतः तृतीय पुरुषच राहतो, पुरुष आहे तो मालकाचा. जगातल्या भाषांत दुसरा प्रकार सगळीकडे पसरलेला आहे, पहिला त्या मानाने क्वचित.

दोन्ही एकाच शब्दात भेटायचे तर तुर्कीत. ‘ओय्रेत्मेन’ म्हणजे शिक्षक. ‘ओय्रेत्मेनिम’ लिहिलं तर अर्थ दोन: माझे शिक्षक, किंवा मी शिक्षक आहे. लिहिताना काडीचा फरक नाही. बोलताना जोर बदलतो. शेवटच्या ‘-इम’वर जोर दिला तर माझे शिक्षक, त्याच्या आधीच्या अक्षरावर दिला तर मी शिक्षक. तुर्कस्तानात वर्गातली मुलं बाईंना हाक मारतात तीही ‘ओय्रेत्मेनिम’, म्हणजे ‘माझ्या बाई’.

आणि शब्दांची एक अडचण. मराठी व्याकरणात प्रथम पुरुष म्हणजे मी. संस्कृतात ‘प्रथमपुरुष’ म्हणजे तो, आणि मी म्हणजे ‘उत्तमपुरुष’. इथे आपण मराठी पद्धतच धरू.

वाचक_मात्र

बेगम!! ‘बेग’ला तुर्कीतलाच ‘-म’ लागलाय ना? म्हणजे ‘माझी सरदारीण’?

अनुस्वार

हो, व्युत्पत्ती तशीच देतात. खानमही त्याच घडणीचा मानतात. ‘जानम’ फारसीतून: जान आणि ‘-अम’, माझा जीव. सिनेमातल्या गाण्यांनी तो आपल्या तोंडात इतका बसवला की आपण ‘मेरी जानम’ही ऐकून घेतो, म्हणजे ‘माझा माझा जीव’. ‘मौलाना’ अरबी: मौला म्हणजे स्वामी, ‘ना’ म्हणजे आमचा. बोहरा समाजाच्या ‘सय्यदना’तही तोच ‘ना’. रब्बी हिब्रू: ‘रव’ला ‘-ई’ लागला, माझे गुरू. कोकणातल्या बेने इस्रायल ज्यू घरांत हा शब्द पिढ्यानपिढ्या आहे.

आणि रोजचा शब्द तर डोळ्यांसमोर असून दिसत नाही: मॅडम. फ्रेंच ‘मा दाम’, माझी बाई. ‘आमच्या मॅडम’ म्हणणारं प्रत्येक पोर दोनदा ‘माझी’ म्हणत असतं.

मला यात एक नियम दिसतो. हे सगळे शब्द आदराने किंवा प्रेमाने हाक मारायचे आहेत. हाक मारताना ‘माझा’ इतक्या वेळा लागतो की तो नामात मुरतो आणि परत निघत नाही. तमिळमध्ये तृतीय पुरुष मुरला, इथे प्रथम. एकाच वाटेची ही दोन टोकं.

केतकी_बुडा

बुडापेस्टहून. इथे नऊ वर्षं झाली आणि पहिली दोन वर्षं मला फक्त याच प्रत्ययांनी छळलं.

हाज म्हणजे घर. हाजम माझं घर, हाजद तुझं, हाजॉ त्याचं किंवा तिचं. आमचं, तुमचं, त्यांचं यांना आणखी तीन. सर्वनाम वेगळं लावायची गरजच नाही. डोकं दुखतं तर ‘फाय अ फेयेम’: दुखतंय माझंडोकं. लिंगभेद मात्र कुठेच नाही, त्याचं-तिचं एकच. आपल्या जिभेला ते सुरुवातीला फार ओकंबोकं वाटतं.

मूसीकाठची म्हणते तसं ‘क्रियापद नाही म्हणून नामावर’ हे इथे वेगळ्या तऱ्हेने दिसतं. हंगेरियनमध्ये इंग्रजीसारखं ‘माझ्याकडे असणं’ सांगणारं क्रियापद नाही. ‘व्हॉन इदोम’: आहे माझावेळ. मला वेळ आहे. नसेल तर ‘निन्च इदोम’. आपल्या ‘मला वेळ आहे’च्या हे जितकं जवळचं आहे तितकं इंग्रजीच्या नाही, आणि मी मराठीतून विचार करायला लागल्यावरच ते मला जमलं. त्यापुढे जाऊन, ‘जाणं’ या रूपालाही ते माणूस लावतात: मेन्नेम केल, माझंजाणं हवं, म्हणजे मला गेलं पाहिजे. मेन्नेद केल, तुला गेलं पाहिजे.

पण हे मनात बसलं ते एका सरकारी खिडकीवर. इथल्या बहुतेक अर्जांत जन्मतारखेबरोबर एक रकाना असतो: ‘अन्या नेवे’. अन्या म्हणजे त्याचीआई, नेवे म्हणजे तिचंनाव. दोन शब्द, दोन्हींना तृतीय पुरुषाचा प्रत्यय. आईचं नाव, एवढाच अर्थ. मी पहिल्यांदा भरायला बसले तेव्हा वाटलं, हा अर्ज माझ्याशी बोलत नाहीये, माझ्याबद्दल कोणाशी तरी बोलतोय. मग खिडकीतल्या बाईंनी तोंडी विचारलं, तेव्हाही तेच तृतीय पुरुषी रूप. इथे परक्या माणसाला आदराने बोलताना ‘तुमची’ म्हणजे व्याकरणाने ‘त्याची’च. आपल्या ‘आपण यावं’, ‘आपली आई’ यांसारखं. त्या बाई मला मान देत होत्या आणि मी उगाच दुखावले होते.

उल्हास_चार

मी सिंधी. जन्म, शिक्षण सगळं उल्हासनगरला, मराठी माध्यमातून. बराच विचार करून लिहितोय.

इतकं लांब जायची गरज नाही. मराठीची सख्खी चुलत बहीण असलेली आमची भाषा हे करते. पुटु म्हणजे मुलगा. पुटम माझा मुलगा, पुटस त्याचा किंवा तिचा मुलगा. ज़ाल म्हणजे बायको, ज़ालस त्याची बायको. वडील पीउ, पण त्याचे वडील म्हणताना नुसता ‘स’ लागत नाही, मधून ‘ण’ निघतो: पिणस. आई माउ, त्याची आई माणस.

चौथीत मराठीच्या धड्यात ‘माणस’ दिसलं की मला दर वेळी आधी कोणाची तरी आई दिसायची. मग वरचं टिंब दिसायचं, मग माणसं.

माझी दादी आजोबांचं नाव घेत नसे. फाळणीनंतर कॅम्पात आले तेव्हा तिच्या कडेवर माझे वडील होते. तेव्हापासून शेवटपर्यंत ती आजोबांना ‘पिणस’ म्हणायची. त्याचे वडील. ‘त्याचे’ म्हणजे माझ्या वडिलांचे. वडील समोर नसले, ऐकणारी शेजारीण असली, तरी तोच ‘स’. एका अक्षरात नवरा आणि मुलगा दोघंही यायचे, आणि नाव कुणाचंच घ्यावं लागायचं नाही.

माझ्या पिढीत आम्ही ‘हुनजो पीउ’ म्हणतो, म्हणजे सरळ ‘त्याचे वडील’, हिंदीच्या साच्यात. माझी मुलं तर तेही म्हणत नाहीत. ‘पिणस’ घरात शेवटचं कधी ऐकलं ते मला नेमकं सांगता येतं, दादी गेली त्या आठवड्यात. मला वाटतं भाषेतून आधी असले प्रत्ययच जातात. शब्द बराच काळ राहतात.

मूसीकाठची

उल्हास, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि मग आईला फोन केला. आमच्या आजी आजोबांना ‘बंडूचे वडील’ म्हणायच्या. तीच गोष्ट, पण आम्हाला त्यासाठी बंडूचं नाव लागलं.

मालवणी_मुलूख

उल्हास यांचा ‘स’ वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे वडील म्हणजे ‘बापूस’, आई ‘आवस’. तोच ‘त्याचा’वाला ‘स’ आमच्यातही असेल का? कारण हाक मारताना आम्ही बापूस म्हणत नाही, बाबा म्हणतो. बापूस फक्त कोणाबद्दल बोलताना.

अनुस्वार

मोह होतो खरा. पण एक कसोटी लावा: ‘माझो बापूस’ म्हणता का? म्हणता. ‘तुझो बापूस’ही म्हणता. म्हणजे आजच्या मालवणीत तो ‘स’ कोणाचा हे सांगत नाही, त्यासाठी माझो-तुझो वेगळं लागतं. सिंधीत ‘पिणस’ म्हटल्यावर ‘माझा’ अर्थ निघूच शकत नाही. तमिळच्या तम्बिची आठवण होते हे खरं, पण तिथे एम्बि, उम्बि, तम्बि तिन्ही रूपं जुन्या ग्रंथांत शेजारी-शेजारी सापडतात, म्हणून ते सिद्ध आहे. आवाज सारखा म्हणून नातं जोडायचं नाही. तुम्ही टिपलेलं दुसरं निरीक्षण मात्र सोन्यासारखं आहे: हाकेचा शब्द वेगळा, उल्लेखाचा वेगळा. जपानीत तर त्यावर पुरुषाचं सगळं काम चालतं. स्वतःच्या वडिलांबद्दल बाहेरच्याशी बोलताना ‘चिचि’, समोरच्याच्या वडिलांबद्दल ‘ओतोऽसान’. प्रत्यय नाही, पण शब्द निवडला की कोणाचे हे कळतं. आपल्याकडे जुने लोक ‘आमचं कुटुंब’ म्हणायचे ते फक्त स्वतःच्या बायकोबद्दल, तसंच काहीसं.

वाचक_मात्र

मग मराठीत ‘मुलांनो’ हा काय प्रकार? तो ‘-नो’ द्वितीय पुरुष नाही का? ‘मुलांनो’ म्हटलं की ती मुलं म्हणजे तुम्हीच.

अनुस्वार

हा प्रश्न खरोखर कठीण आहे, आणि मी यावर एकदा मत बदललेलं आहे. आधी मला वाटायचं की हो, संबोधन म्हणजे नामाचा द्वितीय पुरुष. पण ‘मुलांनो’ वाक्याच्या बाहेर उभं असतं, स्वल्पविरामाच्या पलीकडे. ते कर्ता होत नाही. ‘मुलांनो, तुम्ही आलात’ असं म्हणताना ‘तुम्ही’ आलंच. तेलुगूतलं ‘डॉक्टर्वि’ वाक्याच्या आत, मध्यभागी असतं. शिवाय ‘मुलांनो’ला जोडीदार नाही. ‘आम्ही मुलं’ असं एका प्रत्ययात सांगणारं रूप मराठीत नाही. पुरुष म्हणजे निदान मी विरुद्ध तू एवढा भेद हवा.

विदुला_स्पॅनिश

मी असहमत. जोडीदार नाही म्हणून ‘-नो’ द्वितीय पुरुष नाही, हे पटत नाही. ज्याला प्रत्यय आहे त्याला आहे, ज्याला नाही त्याला नाही. तेलुगूतही ‘ते’ला काही लागत नाही असं मूळ धाग्यातच आहे.

पुण्यात मी स्पॅनिश शिकवते. तिथे उलटा प्रकार दिसतो. ‘लास मुखेरेस त्राबाखामोस’: अक्षरशः ‘बायका काम करतो’. अर्थ, आम्ही बायका काम करतो. ‘आम्ही’ कुठेच नाही. नामावर काही चिकटलेलं नाही, क्रियापद ‘आम्ही’चं आहे, आणि त्यामुळे ‘बायका’ हे नाम आपोआप प्रथम पुरुषी होतं. माझे विद्यार्थी दर वर्षी इथे अडतात, कारण मराठीत ‘आम्ही’ टाकलंच पाहिजे. ‘बायका सोसतो’ असं कोणी म्हणणार नाही. म्हणजे नामात पुरुष असू शकतो, दिसत नसला तरी. मग ‘मुलांनो’त तर तो दिसतोय.

अनुस्वार

स्पॅनिशचं उदाहरण बिनतोड आहे. ‘-नो’बद्दल मी अजून आपल्या जागी आहे, पण पाय जरा मागे घेतो.

अनघा_फ्लॅगस्टाफ

आम्ही ॲरिझोनात चार वर्षं होतो, नवाहो लोकांच्या मुलखाला लागून. तिथे एका सहकारी बाईंकडून थोडं शिकले. शिमा माझी आई, निमा तुझी, बिमा त्याची किंवा तिची. मी विचारलं, नुसती आई? त्या थांबल्या. म्हणाल्या, नुसती आई कशी असेल? कोणाची तरी असणारच. अगदीच म्हणायचं झालं तर ‘अमा’, म्हणजे कोणाची तरी आई. हात, डोकं, पाय यांचंही तसंच.

त्यांनी सांगितलेलं दुधाचं उदाहरण मी कधी विसरणार नाही. ‘अबे’ म्हणजे दूध, मुळात कोणाच्या तरी अंगचं. ‘शिबे’ म्हणजे माझं, माझ्या अंगावरचं दूध. पण दुकानातून आणलेली बाटली माझी असेल तर ‘शे-अबे’: आधीचं ‘कोणाचं तरी’ तसंच ठेवून त्यावर ‘माझं’ चढवायचं. माझं, कोणाचं तरी दूध. गाईचं आहे हे विसरायची सोय नाही. तेव्हा माझी मुलगी अंगावर पीत होती आणि फ्रिजमध्ये बाटली होती. त्या दोन दुधांना मराठीत मी एकच शब्द वापरत होते.

वसई_किनारा

उशिरा येतोय. आम्ही वसईचे ख्रिस्ती, प्रार्थना मराठीत. मला एक विचारायचंय. मराठीत आमचा आणि आपला हा भेद आहे: आपला म्हटलं की ऐकणाराही त्यात आला, आमचा म्हटलं की तो बाहेर. हा भेद कुठल्या भाषेत नामावरच येतो का?

अनुस्वार

येतो, आणि तुम्हालाच आवडेल असं उदाहरण आहे. पेरू-बोलिव्हियाकडची क्वेचुआ. वासि म्हणजे घर. वासिय माझं, वासियकि तुझं, वासिन त्याचं. मग वासिन्चिक म्हणजे आपलं घर, तुझ्यासकट, आणि वासियकु म्हणजे आमचं, तुला वगळून. स्पॅनिश मिशनऱ्यांच्या भाषेत हा भेद नव्हता, त्यामुळे प्रभूची प्रार्थना क्वेचुआत आणताना त्यांना ठरवावं लागलं. देवाला उद्देशून ‘बापा’ म्हणताना कुठला प्रत्यय? १५८४ साली लिमात छापलेल्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात प्रार्थना ‘यायायकु’ अशी सुरू होते. याया म्हणजे बाप, ‘यकु’ म्हणजे तुला वगळून आम्ही. ‘न्चिक’ लावला असता तर देवही स्वतःच्या लेकरांत मोजला गेला असता.

वसई_किनारा

आमचीही ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ अशीच सुरू होते. कोंकणीत ‘आमच्या बापा’. लहानपणापासून म्हणतोय. ‘आपल्या पित्या’ का नाही, हा प्रश्न आजवर पडला नव्हता. आज संध्याकाळी म्हणताना पहिल्याच शब्दावर थांबलो, आणि बायकोने मागे वळून पाहिलं.

तंजावरी_राव

वसई, यात अजून एक पाहा. ‘आमच्या’ने देवाला वगळलं आणि ‘पित्या’ या संबोधनाने त्याच्याकडेच तोंड केलं. एकाच हाकेत तो बाहेरही आहे आणि समोरही. विदुलाताईंच्या बाजूने हे मत धरा.

मूसीकाठची

इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळे वहीत उतरवून घेतलेत, आजींनाही वाचून दाखवले. तमिळ याय्-ञाय् ऐकून त्या म्हणाल्या, आमच्यात असं नाही, पण ऐकायला आपल्याच घरचं वाटतं. केतकी, तुमची सरकारी खिडकी मी त्यांना हिंदीतून सांगितली, तर त्यांनी तुमच्या वतीने त्या बाईंना नमस्कार केला.

काल संध्याकाळची गोष्ट सांगते. गच्चीवर पोरं खेळत होती. एकाचे डोळे मागून झाकायचे, आवाज बदलून विचारायचं, “नेनेवर्नि?” मी कोण? एवरुला ‘नि’. माझ्या लेकीवर राज्य होतं. तिने हात चाचपले, बांगडी लागली, आणि म्हणाली, “नुव्वु राधवि.” राधा नव्हे, राधवि. तू-राधा. विशेषनामालाही प्रत्यय लागतो हे मला अकरा वर्षांत माहीत नव्हतं.

मग राधावर राज्य आलं. पोरांनी मला खुणेने बोलावलं. मी जाऊन तिचे डोळे झाकले आणि विचारलं. ती लगेच ओरडली, “आंटीवि!” सगळी पोरं म्हणाली, कसं ओळखलंस? ती म्हणाली, आंटी ‘नेनेवरु’ म्हणाल्या ना.